‘वशिला’ म्हणून हात झटकण्याआधी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सुभेदारसाहेब,

निवृत्त फौजींना सुरक्षा आणि सरकारी खात्यांतली वरची पदं कशी मिळतात, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘सगळा वशिल्याचा कारभार. तुमच्यासारखे घरबसले लोक भुलवतात. आमच्या कर्नलसाहेबांचा अर्जसुद्धा निवृत्तीनंतर उडवला. सीमाभागातल्या मराठी माणसाला कोण विचारतो?’

लेख लांबला, एवढं मान्य. पण ‘भुलवतात’ हा शब्द लागला. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या जवानांचे आणि अधिकाऱ्यांचे अर्ज मी वर्षानुवर्षं तपासून देतो आहे. घरबसला म्हणण्याआधी लेख शेवटपर्यंत तरी वाचायचा होता.

कर्नलसाहेबांचंच घेऊ. केंद्राच्या प्रतिनियुक्तीच्या, म्हणजे दुसऱ्या खात्यात ठरावीक मुदतीच्या नेमणुकीच्या, अनेक जाहिरातींत लष्करासाठी वेगळं कलम असतं : एका वर्षाच्या आत निवृत्त होणारा किंवा लष्कराच्या राखीव यादीत (रिझर्व्हमध्ये) जाणारा अधिकारी पात्र. म्हणजे अर्ज वर्दीत असतानाच करायचा. पेन्शन सुरू झाल्यावर या कलमाचा दरवाजा बंद, माणूस कितीही लायक असो. वय बहुधा शेवटच्या तारखेला ५६ च्या आत लागतं, मुदत साधारण ६० दिवसांची. अर्ज खात्यामार्फत जातो. सोबत दक्षता विभागाची हरकत नसल्याचा दाखला, सचोटीचा दाखला, १० वर्षांतल्या शिक्षांचं निवेदन आणि ५ वर्षांच्या गोपनीय अहवालांच्या प्रती, पानापानावर साक्षांकित. लोक अर्जाची आगाऊ प्रत स्वतःच थेट पाठवून निर्धास्त होतात. मूळ अर्ज कार्यालयातल्या टेबलावर पडून राहतो आणि मुदत उलटते. निवड समितीपुढे नावच जात नाही, तिथं वशिला लावणार कुणाला?

बँकांचंही तेच. सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाला त्या सहसा किमान ५ वर्षांची कमिशन्ड सेवा, म्हणजे लेफ्टनंट किंवा त्यावरच्या अधिकारपदावरची सेवा, मागतात; सुभेदार मेजर त्यात मोडत नाही. सुभेदार मेजर २८ वर्षांचा अनुभव जोडतो आणि पहिल्याच छाननीत बाहेर पडतो. हे मलाही खटकतं, पण ते जाहिरातीत छापलेलं असतं. वाचायला कुणी अडवलंय?

अशांनी स्वतःची एजन्सी काढावी, हे मी लेखात लिहिलं होतं. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यात परवान्याची फी एका जिल्ह्याला ५,००० रुपये, ५ जिल्ह्यांपर्यंत १०,००० आणि अख्ख्या राज्याला २५,००० आहे. परवाना राज्यापुरता असतो. बेळगावचा परवाना घेऊन शिनोळीच्या कारखान्यावर गार्ड उभे केले की गोत्यात आलात; ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. आपल्याकडे नेमकं हेच विसरलं जातं.

‘मराठी माणसाला कोण विचारतो’ म्हणालात, तर कन्नड येण्याचा मुद्दा कर्नाटकच्या राज्यसेवेपुरता. केंद्राच्या या पदांना ती अट नसते. उरलेल्या शेरेबाजीला मी उत्तर देणार नाही.

कर्नलसाहेबांना खरंच कारण हवं असेल, तर १० रुपये भरून माहितीच्या अधिकारात छाननीचा शेरा मागवा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. तो कागद इथं टाका, मग बोलू.