फरशीवरची चकती राहिली की!

रोमच्या संत इग्नेशियस चर्चबद्दल लेखात लिहिलंय की तिथला रंगवलेला घुमट ‘कुठूनही पाहा, खराच वाटतो’. नाही हो! उलट तो जवळजवळ एकाच जागेवरून खरा वाटतो, आणि ती जागा चित्रकार आंद्रेआ पोत्सोने ठरवून दिलीय. मुळात तो 1685 सालचा सपाट कॅनव्हास आहे. फरशीत संगमरवरी चकती बसवलीय, तिच्यावर उभं राहिलं की खांब, खिडक्या, वरचा झरोका, सगळं पोकळ आणि उंच दिसतं. तिथून मी वेदीकडे चालत गेलो तर घुमट हळूहळू कलंडायला लागला. अगदी खाली पोचलो तेव्हा वर नुसती काळपट तबकडी. सासूबाई म्हणाल्या, “अगंबाई, हा तर पडतोय!”

चर्चच्या मधल्या रंगवलेल्या छतासाठी आणखी एक चकती आहे, पण बहुतेक लोक छत पाहायला ठेवलेल्या आरशासमोर सेल्फीच्या रांगेत. त्या छताच्या कडेला रंगवलेली, उंटावर बसलेली बाई म्हणजे आशिया खंड. हे चर्च जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचं, आणि गोव्यात ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियरही त्याच संघाचे, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकांसाठी तिचा उल्लेख हवाच होता.