आकडा उतरला, हवेचं काय?

हिवाळा लागला की भारतातल्या मित्रांशी बोलणं एक्यूआयवर, म्हणजे हवेच्या गुणवत्ता निर्देशांकावर, येऊन थांबतं. साडेतीनशे, चारशे. मग लंडनमध्ये राहणाऱ्या मला हमखास ऐकावं लागतं, ‘तुमचं बरं आहे.’ बरं आहेच. पण आकड्याच्या या भांडणात हवेत नेमकं आहे काय, हे कुणी विचारत नाही.

२०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १० वरून, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांवरून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जोखली जाते. त्यात रस्त्याची, बांधकामाची धूळ बरीच. म्हणून पालिका फवारे मारतात, झाडूयंत्रं फिरवतात आणि आकडा उतरतोही. गोम आहे ती वजनात, कारण पीएमचा आकडा कणांची संख्या नव्हे, वजन सांगतो. घनता सारखी धरली, तर १० मायक्रॉनच्या एका कणाचं वजन भरायला ०.१ मायक्रॉनचे दहा लाख कण लागतात! तो एकटा दांडगा कण बहुधा नाकाघशातच अडतो. बारीक मात्र थेट फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात.

शिवाय पीएम २.५ मधला, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांमधला, मोठा वाटा कण म्हणून कुठल्या धुराड्यातून बाहेर पडतच नाही. कोळशातून सल्फर डायऑक्साइड, वाहनांतून नायट्रोजन ऑक्साइड, शेतीतून अमोनिया, आणि हवेतच त्यांचं अमोनियम सल्फेट आणि नायट्रेट होतं. फवारा त्याला काय करणार? जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य कोळसा वीजप्रकल्पांना धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली, त्यावर मात्र या गप्पांत अवाक्षर नाही.

लंडननेही फुशारकी मारू नये. वसंतात शेतांत खतं पडली की युरोपच्या वाऱ्याबरोबर अमोनियम नायट्रेट इथे येतं. भुयारी रेल्वेत चाकं, रूळ, ब्रेक झिजून लोहकण इतके साचतात, की तिथली हवा वरच्या रस्त्याहून वाईट. विजेच्या गाड्या आल्या तरी टायरचा कीस उडतोच. पण काळा कार्बन (काजळी) किती, नायट्रेट किती, हे इथे नियमित मोजून लोकांसमोर ठेवतात. युरोपीय संघाने तर २०२४ च्या निर्देशात अतिसूक्ष्म (०.१ मायक्रॉनपर्यंतच्या) कणांची मोजणीही ठरावीक केंद्रांवर बंधनकारक केली.

आपल्याकडे शास्त्रज्ञांची वानवा नाही. स्रोतांचे अभ्यास होतात, अहवाल निघतात. फक्त शहराला गुण देताना ते कुणी उघडत नाही. गुण पीएम २.५ वर द्या आणि शेजारी सल्फेट, नायट्रेट, काळ्या कार्बनचा तक्ता लावा. मग शहराच्या हद्दीबाहेरच्या वीजप्रकल्पाकडे पालिकेला पुराव्यानिशी बोट दाखवता येईल.