हसायचं ते लूसीनंच

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा आतेभावाने एक व्हिडिओ टाकला. ठाण्यातला एक भाजीवाला मराठी बोलायचा प्रयत्न करतोय, "ताई, मेथी ताजा आहे, भेंडी संपला." खाली हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यात एक चेहरा माझाही, हे आधीच कबूल करतो.

मी न्यू जर्सीत राहतो. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' माझ्या तोंडून सारखेच निघतात, आणि इथे जन्मलेली माझी लेक त्यावरून माझी रोज टर उडवते. तीच सध्या 'आय लव्ह लूसी' बघतेय. 1951 ते 1957 या काळातली ही कृष्णधवल मालिका. बंडखोर लूसी म्हणजे ल्युसील बॉल, आणि तिचा क्युबन नवरा रिकी म्हणजे तिचा खराखुरा नवरा देसी अर्नाझ. अमेरिकन बाईचा असला नवरा लोकांना पटणार नाही, असं सीबीएस या टीव्ही कंपनीला वाटत होतं. म्हणून 1950 मध्ये दोघं आधी गावोगाव रंगमंचावर एकत्र कार्यक्रम करत फिरली. लोकांना काहीच खटकलं नाही.

लेकीला सगळ्यात आवडतो तो डिसेंबर 1952 चा भाग. लूसीला दिवस गेलेत (तेव्हा 'प्रेग्नंट' हा शब्द टीव्हीवर चालत नसे, ती गंमत वेगळीच). बाळाने बापासारखं इंग्रजी बोलू नये म्हणून ती मास्तर लावते. मुलांचं पुस्तक वाचताना रिकी बी-ओ-यू-जी-एच ला बरोबर 'बाउ' म्हणतो, म्हणून पुढच्या 'रफ'ला, शेवटी तेच ओ-यू-जी-एच बघून, 'राउ'. 'रफ' शिकवल्यावर 'थ्रू'चं 'थ्रफ'. मग 'थ्रू' कळल्यावर 'कफ'चं 'कू'. इथे बापलेकीत कधी नव्हे ते एकमत झालं: चूक रिकीची नाही, स्पेलिंगची. शेवटी उलटंच होतं, मास्तरच क्युबन ढंगात बोलायला लागतो.

या मालिकेच्या लेखकांना एक गोष्ट लवकर कळली होती. रिकीच्या उच्चारांची नक्कल लूसीने केली की प्रेक्षक हसायचे. दुसऱ्या कुणी केली की हशा यायचाच नाही. तेव्हापासून ती मुभा फक्त लूसीला. आणि रिकी चिडला की सरळ स्पॅनिशमध्ये सुटायचा. खाली भाषांतराची पट्टी नाही, काही नाही. ज्याला कळलं त्याला कळलं.

लेकीने माझी टर उडवली तर मला राग येत नाही. ऑफिसातल्या कुणी उडवली तर दिवसभर सलतं. मग भाजीवाल्याचे आपण कोण? त्याच्या घरची लूसी तर नक्कीच नाही. मराठी बोला म्हणायचं, आणि तोंड उघडलं की मोबाइल काढायचा?

हे मी ग्रुपवर लिहिलं. भावाचं उत्तर लगेच आलं, "तुमच्याकडे रिकी एकटा होता रे. इथे आम्हीच रिकी झालोय." बिनतोड होतं. पहिलीपासून हिंदी आणायचा सरकारी निर्णय 2025 च्या जूनअखेर मागे घ्यायला लागला, तो लोक अडून बसले म्हणून. मीही तेव्हा इथून टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच वर्षी 1 मार्चला इथे इंग्रजी अधिकृत भाषा झाल्याचा आदेश निघाला, तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. एकाच वर्षात, एकाच माणसाला. भाषा आपली असली की ती अस्मिता, दुसऱ्याची असली की सक्ती, हे मला मुळीच सोपं वाटत नाही. पण शाळेतल्या हिंदीचा हिशेब भेंडीवाल्याकडून चुकता करून घ्यायचा, हे काही पटत नाही.

भावाने आणखी एक टोला हाणला, "इकडे ये आणि बँकेत मराठीत बोलून दाखव."

गेल्या दिवाळीत गेलो होतो की. काउंटरवरच्या मुलीने "बोलिए" म्हटलं, मी केवायसीचे कागद पुढे सरकवले, दहा मिनिटांत काम झालं. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "तिचं आडनाव पाटील होतं. तू सगळं हिंदीत का बोललास?"