‘४९८अ’च्या पंच्याऐंशी टक्के केसेस खोट्या? आकडा नीट वाचा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्यातलं म्हणणं असं: ४९८अ, म्हणजे नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाविरुद्धच्या कलमाखालच्या शंभरातल्या पंच्याऐंशी केसेस खोट्या असतात, हे सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय, बाईने तक्रार केली की नवरा, सासू-सासरे थेट आत, नवऱ्यांच्या आत्महत्या याच कायद्यामुळे होतात, म्हणून तो रद्द करा. १९८३ साली आलेलं हे कलम आता भारतीय न्याय संहितेत गेलं आहे, पण लोक अजून जुन्याच नावाने ओळखतात. चांगली शिकलेली माणसं हा मजकूर पुढे पाठवतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पंच्याऐंशी हा आकडा आला तो २ जुलै २०१४ च्या ‘अर्नेश कुमार विरुद्ध बिहार’ निकालातून. त्यात २०१२ ची आकडेवारी देऊन शिक्षेचं प्रमाण १५ टक्के असल्याचं म्हटलं आहे. कायद्याच्या गैरवापरावर न्यायालयाने कडक शब्दांत लिहिलं आहे, ते मी लपवत नाही. पण ‘उरलेल्या सगळ्या खोट्या’ असं तिथे कुठेही नाही. उलट त्याच ठिकाणी दुसरा आकडा आहे, जो फिरत्या मजकुरात कधीच नसतो: ९३.६ टक्के प्रकरणांत पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं होतं. तपासात तक्रार खोटी आढळली तर पोलीस तसा अहवाल देऊन प्रकरण बंद करतात आणि त्याची मोजदाद वेगळी होते. निर्दोष सुटका म्हणजे गुन्हा सिद्ध झाला नाही, एवढंच.

सिद्ध का होत नाही? मार बसतो चार भिंतींच्या आत. पाहणारी माणसं सासरची. शेजारी म्हणतात, ‘आम्हाला यात ओढू नका.’ हात मोडलेल्या बाईला दवाखान्यात घेऊन येतो तो नवराच. तो बाजूला उभा असताना ती सांगते, ‘बाथरूममध्ये पाय घसरला.’ केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि काही वर्षांनी उलटतपासणीत वकील तोच कागद तिच्यापुढे धरतो. (वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उभं राहिलं ते अशा बायकांशी एकांतात बोलता यावं, त्यांना आधार मिळावा म्हणूनच.)

त्याहून मोठं कारण तडजोडीचं. तारखांवर तारखा पडतात, माहेरचे थकतात, धाकट्या बहिणीचं लग्न अडतं. शेवटी परस्परसंमतीने घटस्फोट ठरतो. अटींच्या कागदावर लिहिलेलं असतं: एकरकमी अमुक रुपये, स्त्रीधन परत, आणि फौजदारी केस बायको पुढे चालवणार नाही. मग ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून सांगते, ‘माझी आता काही तक्रार नाही.’ आरोपी सुटतो आणि ही केस त्या पंच्याऐंशीत जमा होते. तिचा मोडलेला हात खोटा होता का?

‘थेट आत’ हे तर त्याच निकालाने बंद केलं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, अटक केलीच तर कारणं लेखी नोंदवायची. ४९८अ ची कमाल शिक्षा तीन वर्षं. कुठल्या ठाण्यात आजही नियम धाब्यावर बसवून घरच्यांना उचलत असतील, तर त्या अधिकाऱ्यावर कारवाई व्हायला हवी. तसं न्यायालयाने तेव्हाच बजावलं आहे.

आत्महत्येने गेलेला कोणताही माणूस हे दुःखच आहे, त्यावर वाद नको. पण एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) २०२२ च्या अहवालात एकूण आत्महत्यांमागे लग्नाशी निगडित कारणं ४.८ टक्के आहेत, ‘कौटुंबिक समस्या’ ३१.७ टक्के, आणि त्यातून एखाद्या कायद्यावर बोट ठेवता येत नाही. त्याच अहवालात आत्महत्या केलेल्या स्त्रियांत निम्म्याहून अधिक गृहिणी आहेत. त्यांच्याबद्दल मजकुरात एक ओळ नाही.

राहिली कायदा रद्द करण्याची मागणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के. हिंसा सोसलेल्या बहुतेक जणींनी मदत मागितली नाही की कुणाला सांगितलंही नाही. यातल्या कितीतरी जणींना नवरा तुरुंगात नकोच असतो. मार थांबावा, घरातून हाकलू नये, मुलांचा खर्च मिळावा, इतकंच हवं असतं. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे: संरक्षणाचा आदेश, राहत्या घराचा हक्क, खर्चाची रक्कम, आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा अशी तरतूद. तो राबवायचा संरक्षण अधिकाऱ्याने. पण हा कायदा लागू होऊन अठरा वर्षं उलटल्यावर, मे २०२५ मध्ये, जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं. हा दरवाजा अर्धवट उघडा ठेवला की बाईपुढे उरतं ते पोलीस ठाणंच.

सासरच्या निरपराध माणसांना कोर्टाचे हेलपाटे पडू नयेत, असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी आपल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, त्याच्याकडे हे एकच काम आहे की आणखी चार, हे आपल्या आमदाराला विचारावं.