आई म्हणाली, "स्मशानात गं कसले कार्यक्रम?"

बॉस्टनजवळ राहायला आले त्याला आता अकरा वर्षं झाली. घरापासून चालत वीस मिनिटांवर माउंट ऑबर्न आहे. दफनभूमी आहे, पण १७५ एकरांची बागच म्हणा ना. लोकांसाठी तिथे वर्षभर कार्यक्रमही होतात. पहिली दोन वर्षं मी तिच्या कुंपणाकडेनं जायचे, आत पाऊल टाकलं नाही. कल्याणच्या घरी स्मशान हा शब्दसुद्धा तिन्हीसांजेला काढत नसत, ते अंगात मुरलेलं.

पहिल्यांदा आत गेले ती मे महिन्यात, पक्षी बघायला, शेजारीण घेऊन गेली म्हणून. दक्षिणेकडून उत्तरेला निघालेले चिमुकले वॉर्बलर त्या दिवसांत इथल्या झाडांवर उतरतात. सकाळी सहाला चाळीसेक माणसं दुर्बिणी गळ्यात अडकवून फिरत होती. अर्ध्या वाटेत एक अंत्ययात्रा आली. काळ्या गाड्या हळूहळू पुढे सरकत होत्या. आमच्यातल्या म्हाताऱ्या वाटाड्यानं दुर्बीण खाली घेतली, टोपी काढली आणि आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. शेवटची गाडी वळणापलीकडे गेल्यावरच तो पुन्हा बोलला. त्या पाच मिनिटांनी माझी भीती कायमची घालवली.

ही जागा १८३१ची. बॉस्टनमधली चर्चच्या आवारातली दफनं तेव्हा दाटीवाटीची झाली होती, रोगराईची धास्ती होती. जेकब बिगेलो नावाच्या डॉक्टरनं आणि मॅसॅच्युसेट्सच्या बागायतदार मंडळींनी मिळून गावाबाहेरची ही टेकड्या-तळ्यांची जमीन निवडली. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्याच्या कितीतरी आधी माणसांना झाडांखाली फिरायला अशी बाग मिळाली ती इथे, मेलेल्यांच्या सोबतीनं. म्हणून "दफनभूमीत लोकांना कशाला बोलावता" असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. लोकांनी यावं म्हणूनच ती अशी घडवली होती.

आणि कार्यक्रम म्हणजे तरी काय? थंडी सरताना पहिल्या कोमट पावसाच्या रात्री पिवळ्या ठिपक्यांचे सॅलॅमँडर, म्हणजे पालीसारखे दिसणारे पण बेडकाच्या जातकुळीतले जीव, खोलगट भागातल्या डबक्याकडे अंडी घालायला निघतात, त्यांची नोंद स्वयंसेवक ठेवतात. वसंतात पक्षी, शरदात पानांचे रंग आणि कुणाकुणाच्या समाधीपाशी थांबत सांगितलेल्या गोष्टी. हॅरिएट जेकब्जच्या दगडापाशी मी दरवेळी रेंगाळते. गुलामीतून सुटण्यासाठी ही बाई जवळजवळ सात वर्षं माळ्यावरच्या एवढ्याशा जागेत लपून राहिली, जिथे धड उभंही राहता येत नव्हतं. तिचं नाव मला कुठल्याही वर्गात भेटलं नव्हतं. इथे भेटलं.

सगळंच मला चालतं असं नाही. ऑक्टोबरात काही ठिकाणी दफनभूमीत भुताखेतांचे खेळ करतात, ते मला मनापासून खटकतं. ज्याचं माणूस गेल्याच महिन्यात तिथे ठेवलंय त्यानं ते बघायचं? कार्यक्रम त्या जागेतून उगवलेला असावा. तिथल्या झाडातून, पाखरातून, तिथे निजलेल्या माणसातून.

डिसेंबरात वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीच्या सुमारास इथे दिव्यांचा कार्यक्रम असतो. झाडांमधून उजेड खेळवतात, मंद संगीत असतं. ज्या वर्षी बाबा गेले त्या वर्षी मी वेळेत कल्याणला पोचू शकले नाही. त्या डिसेंबरात तिथे जाणार आहे असं आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "स्मशानात गं कसले कार्यक्रम?" मी म्हटलं, "तू दर कार्तिकात आळंदीला जातेस, ती समाधीच ना?" "माउलींचं वेगळं," म्हणाली आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, "यांच्या नावानं एक दिवा लाव तिकडे." लावला. बर्फ पडत होता.

हे सगळं आज लिहायचं कारण डॉक्टर आनंदीबाई जोशी. आमच्या कल्याणची. जन्म ३१ मार्च १८६५. १८८६मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली, २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेली, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. तिच्या अस्थी तिच्या नवऱ्यानं, गोपाळरावांनी, अमेरिकेत तिला आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि त्या माऊलीनं आपल्या घरच्यांच्या दफनाच्या जागेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीला, तिला विसावा दिला. तीही अशीच जुनी बागेसारखी दफनभूमी. शिक्षणासाठी देश सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असं त्या दगडावर कोरलंय. गेल्या वर्षी मी जाऊन आले. दगडासमोर बसले, हात जोडले, फोटो काढला आणि गाडीत बसले. परतताना सारखं वाटत राहिलं, हे असं उरकायचं नव्हतं. कुणीतरी तिची पत्रं मोठ्यानं वाचायला हवी होती. मुलांना सांगायला हवं होतं की कार्पेंटरबाईंच्या घरी ही नऊवारीतली मुलगी मावशी म्हणत शिरली होती.

या ३१ मार्चला मी पुन्हा जाणार आहे. बॉस्टनहून साडेतीन-चार तास लागतात. झाडांना तेव्हा पानं नसतील, थंडी असेल, जाड कोट लागतील. आधी तिथल्या कार्यालयाला विचारून परवानगी घेईन, त्यांचे नियम पाळू, माइक वगैरे काही नको. तासभर पत्रवाचन, मग थोडा वेळ शांत बसणं. न्यू जर्सी, कनेक्टिकट, आल्बनीकडच्या मंडळींनो, कोण कोण येताय? माझ्या गाडीत तीन जागा आहेत. मुलांना जरूर आणा. आणि कल्याणहून कुणी येणार असेल, तर तिच्यासाठी तिथली मूठभर माती आणता येते का याची चौकशी अमेरिकेच्या कृषी खात्याकडे आधी करून ठेवा, परवान्याशिवाय माती आणू देत नाहीत.