धक्का केवळ कॅलिबरवर ठरत नाही

कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास, लहान असेल तर गोळी झाडताना हाताला बसणारा पिस्तुलाचा धक्का आपोआप कमी होतो, हे तुमच्या लेखातील विधान मला अपुरे वाटते. ग्लॉक १९ आणि ग्लॉक २३ या पिस्तुलांची चौकट जवळपास सारखीच आहे. पहिले ९ मिलिमीटरचे आणि दुसरे पॉइंट ४० (०.४० इंच) कॅलिबरचे असल्यामुळे या जोडीत मात्र फरक बहुतांशी काडतुसाचाच असतो, आणि पॉइंट ४० चा झटका अधिक तीव्र असून नळीचे तोंड झपकन वर उसळते. पॉइंट ४५ ची गोळी साधारण १५ ग्रॅमची असली तरी तिचा वेग सेकंदाला २६० मीटरच्या आसपासच असतो, म्हणून पुरेशा वजनाच्या पिस्तुलात तिचा धक्का झटक्यापेक्षा ढकलल्यासारखा जाणवतो, असे अनेक नेमबाज सांगतात आणि मलाही ते पटते.

खरी गफलत पॉइंट ३८० या ९ मिलिमीटरपेक्षा आखूड काडतुसाच्या छोट्या पिस्तुलांबाबत होते. त्यांतले वॉल्थर पीपीके पोलादी असूनही त्याची स्लाइड (गोळी सुटल्यावर मागे सरकणारा वरचा भाग) केवळ स्वतःच्या वजनावर आणि स्प्रिंगवर रोखलेली असते, त्यामुळे तो धक्का अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात टोचतो; मोठ्या पंजाच्या माणसाला तर स्लाइड तिथे ओरखडतेही. याच काडतुसाचे रुगर एलसीपी जेमतेम पावणेतीनशे ग्रॅमचे आहे आणि त्याच्या आखूड मुठीवर करंगळीला जागाच उरत नाही, त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर पकड सरकते. नवशिक्याला असे पिस्तूल ‘सौम्य’ म्हणून सुचवले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यापेक्षा ९ मिलिमीटरचे, पूर्ण मुठीचे आणि थोडे जड पिस्तूल त्याच्या हातात अधिक स्थिर राहील.