विमानतळाशेजारी ड्रोन कसा उडवावा

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा आमच्या गावातील पोरेसोरे गच्चीवर चढून विमान पाहत होती. धावपट्टीपासून आमचे घर जेमतेम दोन किलोमीटरवर असल्यामुळे विमानाच्या पोटाखालची चाकेसुद्धा मोजता येतात. परवा याच घराच्या अंगणात भाचीचे लग्न लागले आणि त्या आकाशात आपलाही ड्रोन असावा, ही समस्त वऱ्हाडी मंडळींची इच्छा पूर्ण झाली. ज्यांच्या घरी असा योग अद्याप यायचा आहे, त्यांच्या सोयीसाठी हे मार्गदर्शन.

शूटिंगवाल्याशी पॅकेज ठरवताना ड्रोनचे वेगळे पैसे किती, एवढेच विचारावे. ड्रोनची नोंदणी झाली आहे का, उडवणाऱ्याकडे प्रमाणपत्र आहे का, असले प्रश्न शुभकार्यात काढू नयेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र लाल असून तेथे केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ड्रोन उडवता येत नाही. परंतु नवरदेव मारुतीच्या देवळातून निघालेला असताना दिल्लीच्या परवानगीची वाट कोण पाहणार? ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडला की आपले गाव कोणत्या रंगात येते ते लगेच कळते. म्हणून तो उघडूच नये.

मुहूर्त शक्यतो विमानाच्या वेळेचा धरावा.

ड्रोन नजरेआड गेला, तरी घाबरू नये. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला एका लहानशा ड्रोनने भोक पाडले आणि ऐन आगीत ते विमान जमिनीवर बसवावे लागले. तो उडवणाऱ्यालाही आपला ड्रोन दिसत नव्हता. वणवा बघायची हौस मात्र त्याने भागवून घेतली.

आता सर्वांत महत्त्वाचा मंत्र. कोणी म्हाताऱ्याने हटकले, तर त्याला शांतपणे सांगावे, “काई होत नाई काका, इमान लय वरून जाते.” मला हेच सांगण्यात आले. मंगलाष्टके चालू होती, ड्रोनच्या वाऱ्याने अंतरपाट फडफडत होता, अक्षता नवरीऐवजी भटजींच्या डोक्यावर पडत होत्या आणि पश्चिमेकडून पंख्यांच्या विमानाची ती ओळखीची घरघर ऐकू येऊ लागली. तेवढ्यात त्या पोराने ‘वरून सगळा मांडव येऊ द्या’ म्हणत ड्रोन आणखी वर चढवला. विमान लय वरून जाते म्हणे! अरे, उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येते; म्हणजे धावपट्टी दोन किलोमीटरवर राहिली असताना ते जमिनीपासून शंभर-सव्वाशे मीटरवर असते, आणि तुझा ड्रोन तेवढ्या उंचीवर सहज जातो. विमान सेकंदाला पन्नास-साठ मीटर पुढे येते. दप्तराएवढी वस्तू वैमानिकाला दिसेपर्यंत ती चुकवायला त्याच्या हाती किती वेळ उरतो, याचा हिशेब सातवीतला मुलगाही करील. पक्षीही धडकतातच की, असे वर ऐकवले जाते. पक्षी मांसाचा असतो. ड्रोनमध्ये घट्ट मोटारी असतात, कॅमेरा असतो आणि आग धरणारी लिथियमची बॅटरी असते. म्हणूनच पक्ष्याच्याच वजनाचा ड्रोन पक्ष्यापेक्षा जास्त मोडतोड करतो, हे अमेरिकेतील चाचण्यांत दिसले आहे. २०१७ मध्ये कॅनडातील क्यूबेकजवळ उतरणाऱ्या एका छोट्या प्रवासी विमानाच्या पंखावर ड्रोन आदळला होता. विमान सुखरूप उतरले, म्हणून काही होत नाही असा अर्थ काढायचा काय? लंडनच्या गॅटविक विमानतळाजवळ डिसेंबर २०१८ मध्ये ड्रोन दिसल्याच्या नुसत्या बातमीने सुमारे एक हजार उड्डाणे आणि एक लाख चाळीस हजार प्रवासी अडकले, आणि दोषी आजतागायत सापडलेला नाही. तिथे ही तऱ्हा, मग आमच्या बेलोऱ्याला कोण शोधणार, हे त्या पोराला पक्के ठाऊक आहे.

फवारणीच्या ड्रोनकडे बोट दाखवण्याची युक्तीही चांगली आहे. तो कपाशीच्या शेंड्यावरून दोन-तीन मीटरवर चालतो, हे सांगू नये.

विमान त्या दिवशी आमच्या डोक्यावरून नीट गेले. मांडवातल्या निम्म्या लोकांनी हात हलवले, कारण आपण सगळे शूटिंगमध्ये येणार होतो.

हात हलवताना लाज वाटायला हवी होती. त्या विमानात मुंबईच्या दवाखान्यातून बापाला घेऊन परतणारा आपल्याच तालुक्यातला कोणी असतो, आणि त्याचा जीव तुम्ही दोन मिनिटांच्या चित्रफितीसाठी टांगणीला लावता. ती चित्रफीतही वर्षभरात कोणी पाहत नाही. शूटिंगवाल्या पोरांनो, कायदा ठाऊक नसेल तर धंदा करू नका, आणि ठाऊक असूनही उडवत असाल तर तुम्ही नालायक आहात. वधूवरांच्या बापांनो, पैसे तुम्हीच मोजता. मीही त्यातलाच आहे. पॅकेजची अर्धी आगाऊ रक्कम माझ्याच खिशातून गेली आणि माझे तोंड उघडले ते ड्रोन वर गेल्यावर. पुढच्या महिन्यात चुलतभावाकडे लग्न आहे, शूटिंगवाला तोच आहे आणि त्याला आगाऊ पैसेही गेले आहेत. ड्रोन नको म्हटले तर व्याही काय म्हणतील, असे भाऊ काल विचारत होता. म्हणू देत काय म्हणायचे ते, आणि ड्रोनचे पैसे बुडाले तर बुडू दे.